स्वपक्षाच्या गोळ्याची चौकशी

सैनिक रणांगणावर पडला की तो शत्रूच्या गोळीनेच पडला, असे समाज गृहीत धरतो. अंत्ययात्रा निघते, बिगूल वाजतो, मानवंदनेच्या फैरी झडतात, शाळेतील मुले रस्त्याच्या दुतर्फा उभी राहतात. गोळी नेमकी कोणाची होती, हा प्रश्न त्या क्षणी कोणाला सुचत नाही आणि सुचलाच तर तो अशोभनीय वाटतो. वस्तुतः आधुनिक युद्धाने हा प्रश्न अटळ केला आहे. तोफेचा पल्ला माणसाच्या दृष्टीपलीकडे गेल्यापासून आपल्याच तोफेने आपलाच माणूस मारला जाण्याची शक्यता युद्धाच्या पोटातच दडलेली असते. इंग्रजीत याला ‘फ्रेंडली फायर’ असे मोठे विचित्र नाव आहे. ज्याच्यावर तो मारा होतो त्याला त्यातील मैत्रीचा काय उपयोग, हे ते नाव ठेवणाऱ्यांनाच ठाऊक!

हा विषय सेनापतींनी आणि संरक्षणतज्ज्ञांनी चर्चावा, यवतमाळसारख्या आडबाजूच्या जिल्ह्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी या गावांच्या मैदानांवर भल्या पहाटे धावणाऱ्या मुलांकडे पाहिले म्हणजे हा आक्षेप टिकत नाही. कापसाच्या भावावर ज्या घरांचे वर्षाचे अंदाजपत्रक हेलकावे खाते, त्या घरांना सैन्यातील पगार हा मोठा आधार वाटतो. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत तो आधार बहुतेकांच्या बाबतीत चारच वर्षांचा झाला आहे, तरीही मैदाने ओस पडलेली नाहीत. आपला मुलगा राष्ट्राच्या हवाली करणाऱ्या कुटुंबाला, दुर्दैवाने तो परत आला नाही तर, त्याला कोणत्या कारणाने मृत्यू आला हे खरे खरे समजण्याचा हक्क आहे की नाही, एवढाच मुद्दा येथे आहे.

या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर अभ्यास झाला तो १९९१ च्या आखाती युद्धानंतर. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी दुपारी इराकच्या दक्षिणेकडील वाळवंटात अमेरिकेची दुसरी आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंट आणि इराकच्या रिपब्लिकन गार्डची तवक्कल्ना डिव्हिजन एकमेकींना भिडल्या. इतिहासात या लढाईला ‘सेव्हन्टीथ्री ईस्टिंग’ असे नाव पडले आहे. पानिपत, वाटर्लू अशा लढायांना गावांची नावे मिळाली. येथे गाव नव्हते, टेकडी नव्हती, ओढाही नव्हता. म्हणून नकाशावरील एका उभ्या रेषेचा क्रमांक हेच लढाईचे नाव ठरले. एवढ्यावरूनच त्या भूमीची कल्पना यावी. त्यात वाळूचे वादळ सुरू होते. कॅप्टन एच. आर. मॅकमास्टर यांच्या तुकडीने अवघ्या २३ मिनिटांत समोरचे इराकी रणगाडे उद्ध्वस्त केले, ही हकिकत सैनिकी विद्यालयांत शिकविली जाते. हे साधले ते उष्णतेवर चालणाऱ्या दुर्बिणीमुळे. धुळीत आणि अंधारात जे डोळ्याला दिसत नाही ते या दुर्बिणीला दिसते, कारण तापलेले इंजिन थंड वाळूवर ठिपक्यासारखे चमकते.

परंतु ठिपका दिसणे म्हणजे ओळख पटणे नव्हे. दोन-तीन हजार मीटरांवरील तो ठिपका रणगाड्याचा आहे हे कळते. तो कोणाचा आहे हे त्याच्यावर लिहिलेले नसते. आघाडीच्या सैन्यांनी आपल्या गाड्यांवर उलट्या ‘व्ही’ अक्षराची खूण रंगविली होती, कापडी पट्टे बांधले होते. दिवसा, जवळून त्यांचा उपयोग होता. रात्री आणि दुरून त्यांची मदत फारशी होईना. त्याच रात्री अमेरिकेची पहिली इन्फन्ट्री डिव्हिजन या रेजिमेंटच्या फळीतून पुढे गेली आणि पुढच्या चकमकीत तिच्या काही ब्रॅडली गाड्या व एब्रम्स रणगाडे आपल्याच तोफांना बळी पडले. कारण ऐकण्यासारखे आहे. खंदकांतील इराकी सैनिकांनी खांद्यावरून डागलेले अग्निबाण पुढच्या गाड्यांवर आदळत आणि भडका उडे. मागच्या रणगाड्यांतील तोफचींना तो भडका शत्रूच्या तोफेच्या तोंडाचा वाटला. जी गाडी मार खात होती तिलाच त्यांनी मारणारी समजून टिपले.

येथे त्या तोफचीला निष्काळजी म्हणून मोकळे होता येत नाही. समोरचा ठिपका शत्रूचा असेल आणि तोफची थांबला, तर पुढच्या काही सेकंदांत त्याचाच रणगाडा पेटतो. तो ठिपका मित्राचा असेल आणि तोफचीने घाई केली, तर मित्र पेटतो. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अडचण परिचित आहे. दोन प्रकारच्या चुकांपैकी एक कमी करू गेले की दुसरी वाढते. दोन्ही एकाच वेळी कमी करावयाच्या तर माहितीच अधिक हवी. म्हणून चौकशीचा पहिला प्रश्न ‘गोळी कोणी झाडली’ हा नसून ‘गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय माहीत होते, काय माहीत असू शकले असते आणि ते त्याच्यापर्यंत का पोहोचले नाही’ हा असावयास हवा.

युद्धानंतर सहा महिन्यांच्या आत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आकडे जाहीर केले. लढाईत मृत्यू पावलेल्या १४८ जणांपैकी ३५ जण आणि जखमी ४६७ जणांपैकी ७२ जण स्वपक्षाच्या माऱ्याचे बळी होते. अशा २८ घटना घडल्या होत्या. मृतांतील हे प्रमाण शेकडा २४ च्या घरात जाते. तत्पूर्वीच्या युद्धांबाबत शेकडा दोन असा आकडा दीर्घकाळ सांगितला जात असल्याने वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. मात्र शेकडेवारी ही फसवी गोष्ट आहे. इराकी माऱ्याने फारच थोडे अमेरिकन मेले, त्यामुळे छेद लहान झाला आणि प्रमाण फुगले, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे: आधीच्या युद्धांत असे मृत्यू कमी झाले असे नसून ते मोजलेच गेले नव्हते. या वेळी ते मोजता आले, कारण पुरावा मागे उरला होता. अमेरिकन रणगाड्यांच्या तोफगोळ्यात डिप्लीटेड युरेनियमचा गाभा असे आणि तो इराकी सैन्यापाशी नव्हता. ज्या अमेरिकन गाडीच्या छिद्राभोवती त्या धातूचा अंश सापडला तिच्यावर गोळा कोणी डागला, याविषयी वाद उरत नव्हता. सैनिकांच्या जबान्यांत काहीही असो, पोलादाने आपली साक्ष दिली होती.

याशिवाय वाळूतील पट्ट्यांच्या खुणा होत्या, बिनतारी संदेशांची ध्वनिमुद्रणे होती, हेलिकॉप्टरमधील चित्रफिती होत्या. सेव्हन्टीथ्री ईस्टिंगच्या मैदानावर तर लढाईनंतर लवकरच अभ्यासक गेले. त्यांनी जळालेल्या गाड्यांच्या जागा मोजल्या, लढलेल्यांशी बोलून कोण कोणत्या मिनिटाला कोठे होता हे जुळवले आणि संपूर्ण लढाई संगणकावर पुन्हा उभी केली. १७ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री एका अपाची हेलिकॉप्टरने आपल्याच दोन गाड्यांवर क्षेपणास्त्रे सोडली आणि दोन सैनिक दगावले. त्या फितीवर वैमानिकाच्या मनातील शंकाही ऐकू येते. नकाशावरील जागा चुकली असावी असे त्याला वाटत होते आणि तरीही क्षेपणास्त्र सुटले. जबानी नंतर सावरून घेता येते, चालू लढाईतले ध्वनिमुद्रण सावरता येत नाही.

गोळी झाडणाऱ्याचे कथन आणि गोळीचा मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यवतमाळकरांना नव्याने सांगावयास नको. २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या परिसरात ‘अवनी’ वाघीण मारली गेली. ती चालून आली म्हणून गोळी झाडावी लागली, असे सांगण्यात आले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नेमलेल्या समितीने शवविच्छेदन आणि जखमेची दिशा तपासली तेव्हा या कथनाविषयी गंभीर शंका उपस्थित झाल्या. तेरा माणसांचे मृत्यू ज्या वाघिणीवर लावले गेले होते, तिच्या शेवटच्या क्षणांचीही बाहेरच्या माणसांकडून तपासणी झाली. ती योग्यच झाली. मग तेवढीच तपासणी गणवेशातील माणसाच्या मृत्यूच्या वाट्याला का येऊ नये?

या ठिकाणी आखाती युद्धातीलच एका लहान घटनेकडे वळले पाहिजे. लढाई म्हणून ती नगण्य होती. चौकशी म्हणून मात्र तिचे मोल मोठे आहे. २७ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे, अंधार असतानाच, उम्म हाजुल या धावपट्टीच्या परिसरात अमेरिकेच्या तिसऱ्या आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंटच्या एका तुकडीने आपल्याच सैन्याच्या चौपन्नाव्या इंजिनीअर बटालियनच्या सैनिकांवर गोळीबार केला. एक कॉर्पोरल ठार झाला आणि आणखी एक सैनिक जखमी झाला. शेजारच्या डिव्हिजनच्या हद्दीची रेषा नकाशावर स्पष्ट होती, वाळूवर अर्थातच नव्हती. गोळीबार करणारी तुकडी ती रेषा ओलांडून शेजाऱ्याच्या क्षेत्रात गेली होती. लष्कराने या घटनेची एकाहून अधिक वेळा चौकशी केली. मृत सैनिकाच्या कुटुंबीयांचे त्यांनी समाधान झाले नाही. त्यांनी लोकप्रतिनिधींकडे दाद मागितली, आणि अखेरीस प्रकरण गेले ते जनरल अकाउंटिंग ऑफिसकडे, म्हणजे अमेरिकेच्या हिशेब तपासनिसाच्या कार्यालयाकडे. त्या कार्यालयाच्या विशेष तपास विभागाने १९९५ मध्ये अहवाल दिला, तो छापून प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली.

रणांगणावरील गोळीबाराची चौकशी हिशेबनिसाने करावी, हे आपल्याकडे हास्यास्पद वाटेल. परंतु त्यात एक खोल शहाणपण आहे. हिशेबनिसाला बढती देणे किंवा रोखणे सेनापतीच्या हाती नसते. रेजिमेंटच्या अब्रूशी त्याचे काही देणेघेणे नसते. त्याला कागदांतील विसंगती शोधण्याची सवय असते: या जबानीतील वेळ आणि त्या नोंदवहीतील वेळ जुळत नाही, एवढे सांगण्यासाठी रणगाडा चालविता यावा लागत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, ज्या यंत्रणेला चूक कबूल करण्याची किंमत स्वतः मोजावी लागते तिच्याकडेच चूक शोधण्याचे काम सोपविले, तर चुकांचा पुरवठा कागदोपत्री नेहमीच कमी भरणार. यात कोणाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. लेखापाल प्रामाणिक असतो तरी त्याच्या वह्या दुसराच माणूस तपासतो.

इंग्लंडने निराळा मार्ग वापरला. २६ फेब्रुवारी १९९१ रोजीच अमेरिकेच्या ए-१० विमानांनी दोन ब्रिटिश वॉरियर गाड्या उडविल्या आणि नऊ ब्रिटिश सैनिक मारले गेले. ऑक्सफर्ड येथील कॉरोनरच्या न्यायालयात १९९२ साली सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने या मृत्यूंना ‘बेकायदा मृत्यू’ ठरविले. अमेरिकन वैमानिक साक्षीला आले नाहीत, तरीही कुटुंबीयांसमोर, उघड न्यायालयात, घटनाक्रम मांडला गेला. पुढे मार्च २००३ मध्ये बसऱ्याजवळ असाच प्रकार घडला. गाड्यांवरील नारिंगी ओळखपट्ट्यांना वैमानिकांनी नारिंगी अग्निबाण समजून हल्ला केला. विमानातील ध्वनिचित्रफीत न्यायालयाला मिळेना. २००७ मध्ये ती वृत्तपत्राकडे फुटली तेव्हाच सत्य बाहेर आले. कॉरोनर ही संस्था आपल्यालाही अपरिचित नाही. मुंबई शहरात ती १९९९ पर्यंत होती. मग ती रद्द झाली आणि तिच्या जागी अनैसर्गिक मृत्यूची उघड तपासणी करणारे नवे पद निर्माण झाले नाही.

आता भारताकडे वळू. आपल्या वाळवंटात रणगाड्यांची जी लढाई सर्वश्रुत आहे ती ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्रीची, लोंगेवालाची. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या कंपनीला रात्रभर एकाकी तग धरावा लागला, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना अंधारात हल्ला करण्याची सोय नव्हती. उजाडल्यावर विमाने आली आणि लहानशा कृषक विमानातून मेजर आत्मासिंग यांनी त्यांना लक्ष्ये दाखविली. वरून मारणारा आणि खाली असलेला आपला माणूस यांच्यामध्ये दोघांनाही ओळखणारा कोणीतरी असला पाहिजे, हे तत्त्व तेथे पाळले गेले.

त्याच आठवड्यात, पूर्व बंगालच्या नदीमुखात, ते पाळले गेले नाही. १० डिसेंबर १९७१ रोजी कमांडर एम. एन. सामंत यांच्या नेतृत्वाखाली भारतीय नौदलाची ‘पनवेल’ आणि मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’ या नौका खुलन्याच्या दिशेने निघाल्या होत्या. आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून नौकांवर पिवळी खूण केलेली होती. तरीही भारतीय वायुसेनेच्या नॅट विमानांनी हल्ला केला आणि पद्मा व पलाश गमावल्या. पलाशवरील रुहुल अमीन या मृत नौसैनिकाला बांगलादेशाने ‘बीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च वीरसन्मान दिला. सामंतांना महावीर चक्र मिळाले. दोन्ही सन्मान यथार्थच होते. पण पिवळी खूण वैमानिकांपर्यंत का पोहोचली नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सन्मानपत्रात सापडत नाही.

आणि मग २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी नौशेराच्या बाजूला विमानांची चकमक चालू असताना श्रीनगरच्या विमानतळावरून सुटलेल्या आपल्याच क्षेपणास्त्राने बडगामजवळ आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हेलिकॉप्टरमधील सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्यू पावले. मृतांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. १ मार्च रोजी नाशिकने त्यांना साश्रू निरोप दिला तेव्हा हेलिकॉप्टर कोसळले एवढेच नागरिकांना ठाऊक होते. मार्चअखेरीस क्षेपणास्त्राची कुजबूज वर्तमानपत्रांत येऊ लागली. मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी नवे वायुसेनाप्रमुख आर. के. एस. भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत ही आपली मोठी चूक होती असे स्वच्छपणे मान्य केले. सेनाप्रमुखाने अशी कबुली देणे आपल्याकडे दुर्मिळ आहे आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तथापि सात महिन्यांहून अधिक काळ ही कबुली कोणत्या कप्प्यात पडून होती?

चौकशीतून पुढे आलेली कारणे आखाती वाळवंटाची आठवण करून देतात. मित्र की शत्रू हे सांगणारी हेलिकॉप्टरमधील ‘आयएफएफ’ यंत्रणा बंद होती आणि जमिनीवरचे अधिकारी व हेलिकॉप्टर यांच्यात संपर्काचा आणि समन्वयाचा अभाव होता. म्हणजे पडद्यावर पुन्हा तोच बेनावाचा ठिपका! २०२३ मध्ये जनरल कोर्ट मार्शलने एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फीची शिक्षा सुनावली; प्रकरण न्यायालयांतही गेले. दोषी कोण याचा निवाडा न्यायसंस्था करील. पण कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा मूळ अहवाल जनतेसमोर ठेवला गेला नाही. एका अधिकाऱ्याची नोकरी जाणे म्हणजे सत्य समजणे नव्हे. उलट एका माणसावर दोष ठेवला की यंत्रणा सुटते, असाही त्याचा परिणाम होऊ शकतो. ती यंत्रणा बंद का होती, ती चालू-बंद ठेवण्याविषयी कोणते आदेश होते, ते आदेश कोणी आणि केव्हा काढले, हे प्रश्न एका ग्रुप कॅप्टनहून मोठे आहेत.

या मागणीवर दोन आक्षेप येतील. पहिला गुप्ततेचा. शस्त्रास्त्रांच्या सांकेतिक पद्धती उघड होऊ नयेत हे कोणीही मान्य करील. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(अ) मध्ये राष्ट्राच्या सुरक्षेला बाधक माहिती वगळण्याची तरतूद आहेच. पण त्याच कायद्याचे कलम ८(२) असेही सांगते की सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठे असेल तर वगळण्याजोगी माहितीही देता येते. संकेत झाकून घटनाक्रम सांगता येतो. अमेरिकेने तसे केले म्हणून तिचे रणगाडे दुबळे झाल्याचे ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप मनोधैर्याचा. आपलीच गोळी आपल्याला लागू शकते हे कळले तर जवान कचरेल, असे म्हणतात. जवानाला हे आधीच ठाऊक असते. बराकीत त्याची चर्चा होते, आणि अहवाल नसतो तेव्हा त्या चर्चेत अफवा भर घालतात. मनोधैर्य खचते ते वरिष्ठ काही लपवीत आहेत असे वाटू लागल्यावर.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आपल्या रणगाडा दलाचे केंद्र आणि प्रशिक्षण शाळा आहे. राजस्थानच्या वाळूत उद्या ज्यांना ठिपके ओळखावे लागतील ते तरुण तोफची महाराष्ट्राच्याच माळरानावर शिकतात. त्यांना शिकविण्यासाठी परदेशी लढायांचे छापील अहवाल उपलब्ध असावेत आणि स्वतःच्या सैन्याच्या चुकांचे मात्र कुलूपबंद असावेत, ही स्थिती लांच्छनास्पद आहे.

मागणी फार मोठी नाही. स्वपक्षाच्या माऱ्याचा संशय येताच कोर्ट ऑफ इन्क्वायरीत त्या दलाबाहेरचा एक सदस्य असावा. निवृत्त न्यायाधीश चालेल, महालेखापरीक्षकांच्या कार्यालयातील अधिकारीही चालेल. चौकशीला मुदत असावी. ती संपताच, संकेत वगळून, अहवालाचा सारांश मृताच्या कुटुंबाला त्याच्या भाषेत, लेखी, द्यावा; त्यानंतर तो संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवावा. क्रम हाच असावा. नाशिकच्या किंवा उमरखेडच्या घराला आपल्या मुलाच्या मृत्यूचे कारण दूरचित्रवाणीवरील पत्रकार परिषदेतून समजू नये. कुटुंबाला सारांश देण्यापुरता तरी कायदा बदलत बसण्याचे कारण नाही. संरक्षण मंत्रालयाचा एक आदेश पुरेसा ठरावा.